हसल्याचे दोन गुण

कंपनी मला पैसे देते ते गिऱ्हाईक असल्याचं सोंग आणायचे.
पर्समध्ये छापील तक्ता, दहा रकाने:
नजर मिळवली का, आधी नमस्कार केला का,
'पुन्हा या' म्हणाली का,
हसली का. हसल्याचे दोन गुण.

कुताइसीत, मंडईमागच्या दुकानात
चीजच्या काउंटरवर त्सिआला उभी असते.
वय एकसष्ट, मनगटापर्यंत हात मिठाच्या पाण्यात,
आणि चेहरा असा
की आपण तिची झोपमोड करून आलोय.

म्हटलं, सुलगुनी द्या, अर्धा किलो. तो वरचा गोळा.
तिनं मान वर केली नाही.
"तो नको."
का?
"खाचापुरीत घालणार ना?"
हो.
"मग खारट होईल. विचारतेस काय!"
खालून दुसरा गोळा काढला,
नखाएवढा तुकडा सुरीच्या टोकावर धरला
थेट माझ्या नाकासमोर.
"खा. गिळू नकोस लगेच, चव घे."
घेतली.
बाईचं बरोबर होतं.
बरोबर असण्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.

मागे म्हातारे गुरामी, रोज शंभर ग्रॅम नेणारे.
त्यांच्यावर ती दारापासूनच वसकन ओरडली:
"काल ये म्हटलं होतं, ताजं काल होतं!
आणि टोपी कुठाय? कान गळून पडले
की माझ्याकडे येऊ नकोस रडत."
म्हातारा खूश.
टोपी कोटाच्या खिशातून डोकावत होती.
मला वाटतं, तो ती कोपऱ्यावरच काढून ठेवत असावा.

त्यांच्यामागचा कोटवाला तरुण
तीनदा 'कृपया' म्हणाला,
फोन कानाला, काचेवर अंगठीनं टकटक.
नाणी बशीत नाही, ओल्या फळीवर टाकली.
एक घरंगळलं. ती वाकली,
उठेपर्यंत तो गेलेला.
त्याच्यासाठी कुणी तक्ता छापलेला नाही.

बसथांब्यावर बसून मी गुण भरले.
अ‍ॅप्रन स्वच्छ, एक. वजन चोख, एक.
एक असाच.
दहापैकी तीन.
खोटं काही लिहिलं नाही, एवढंच म्हणू शकते.
दोन महिन्यांचं भाडं तुंबलं होतं.

मार्चमध्ये परत पाठवलं मला.
काउंटरवर आता हसऱ्या तोंडाचा पिवळा बिल्ला,
बिल्ल्याच्या वर त्सिआला, तीही हसताना.
पहिल्यांदाच दिसलं की तिचा एक दात सोन्याचा आहे.
"आपलं स्वागत आहे. मी आपली काय मदत करू?"
शब्द तिच्या तोंडात
दुसऱ्या कुणाच्या कवळीसारखे.

गुरामी दारात थबकले.
खिशातली टोपी काढून छातीशी धरली.
"कोण गेलं?" हळूच विचारलं.
"कुणी नाही. आपला दिवस शुभ जावो."
त्यांनी शंभर ग्रॅम घेतलं,
बाहेर जाऊन काचेआड थोडं रेंगाळले
उघड्या डोक्यानं, वाऱ्यात.
तिचे ओठ हलले.
मग छताच्या कॅमेऱ्याकडे बघून
पुन्हा जागच्या जागी आले.

मी मुद्दाम वरच्या गोळ्याकडे बोट केलं.
खाचापुरीत घालायचंय, हेही सांगितलं.
थांबले.
वाट बघितली, खरंच बघितली.
"उत्तम निवड," ती म्हणाली.
तोललं, बांधलं,
दोन्ही हातांनी पुडकं पुढे केलं,
पुन्हा या म्हणाली.

तक्त्यात एकही रकाना रिकामा राहिला नाही.

रात्री ते चीज पातेल्यात भिजत घातलं.
तीनदा पाणी बदललं.
चौथ्यांदा बदलताना एक तुकडा जिभेवर ठेवला,
गिळला नाही लगेच.
अजून खारटच.